हेडफोनमधला खर्ज किती असावा, हे कुणी ठरवले?

२०१५ साली न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या दोन ध्वनिसंशोधकांनी एक निबंध सादर केला. प्रश्न वरकरणी अगदीच किरकोळ होता: हेडफोनवर गाणे ऐकताना माणसांना बेस, म्हणजे खर्जाकडचा आवाज, किती हवा असतो? २४९ श्रोत्यांच्या हाती दोन नियंत्रणे देण्यात आली, एक खर्जाचे आणि एक वरच्या पट्टीचे, आणि कानाला रुचेल तसे जुळवून घ्या, एवढेच सांगण्यात आले. हेडफोन तोच, गाणीही तीच तीन. उत्तरे मात्र भिन्न. तरुण आणि नवख्या श्रोत्यांनी सरासरीने खर्ज वाढवून घेतला, वयस्क आणि मुरलेल्या श्रोत्यांनी त्या मानाने कमी ठेवला. स्त्रियांनी पुरुषांपेक्षा कमी पसंत केला.

‘हल्लीच्या पोरांना नुसता धडधडाट हवा असतो’ असे म्हणणाऱ्यांना हा निष्कर्ष वाचून समाधान वाटेल. पण घाई नको. वयामुळे आवड बदलते, की ज्या काळात माणूस वाढला त्या काळाची यंत्रे त्याच्या कानाला वळण लावतात? हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याच्यामागे प्रयोगांची, वादांची आणि धंद्याची दीर्घ परंपरा आहे. आजचा धागा त्या परंपरेविषयी.

प्रारंभी आवडीला वावच नव्हता. १९०२ साली फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित केले, तेव्हा गायिकेसमोर मायक्रोफोन नव्हता, कर्णा होता. आवाजाच्या बळावरच सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. खर्जातले नाद त्या कर्ण्यातून सुईपर्यंत फारसे पोहोचतच नसत. पाश्चात्त्य वाद्यवृंदांनी यावर तोडगा म्हणून तंतुवाद्य बेसच्या जागी ट्युबा हे फुंकवाद्य बसवले. आपल्याकडे डग्ग्याचा घुमारा तबकडीवर उतरण्याची आशा कुणी धरली नसावी. १९२५ साली विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि खालचे स्वर प्रथमच नीट ऐकू येऊ लागले. याचा अर्थ असा, की विसाव्या शतकाची पहिली २५ वर्षे ज्यांनी घरी तबकडीवर संगीत ऐकले, त्यांच्यासाठी ‘यंत्रातले गाणे’ हे खर्जाविनाच होते. त्यांना ते उणे वाटत होते का, हे विचारण्याची पद्धत तेव्हा रूढ नव्हती.

हेडफोनचा जन्मही संगीतासाठी झालेला नाही. अमेरिकेच्या यूटा राज्यातला नेथॅनिएल बाल्डविन १९१० च्या सुमारास आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन घडवत असे आणि अमेरिकी नौदलाला पुरवत असे. बिनतारी संदेशातली ‘कट्ट-कडकट्ट’ ओळखता आली की काम भागले. तिथे खर्जाला काय काम? संगीतासाठी हेडफोन घ्यावा असे सामान्य गिऱ्हाइकाला वाटायला बराच काळ जायचा होता.

दरम्यान १९३३ साली बेल प्रयोगशाळेतल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि या कथेतला पहिला महत्त्वाचा पुरावा हाती आला. माणसाचा कान सर्व वारंवारतांना सारखा दाद देत नाही, हे त्यांनी आलेखांतून दाखवले. १००० हर्ट्झचा एक हळू स्वर घ्या, समजा ४० डेसिबलचा. तितकाच मोठा भासेल असा १०० हर्ट्झचा स्वर वाजवायचा, तर तो २० डेसिबलहूनही अधिक चढवावा लागतो. आवाज मोठा केला की ही तफावत बरीच घटते. म्हणजे तेच गाणे मोठ्याने लावले की खर्ज भरून येतो आणि हळू लावले की आटतो. गाण्यात फरक झालेला नसतो, कानात झालेला असतो. जुन्या स्टिरिओवर ‘लाउडनेस’ नावाचे एक बटण असे, ते याचसाठी: रात्री हळू आवाजात ऐकताना खर्जाची भरपाई करायची. पुष्कळ घरांत मात्र ते बटण दिवसरात्र दाबलेलेच राहायचे, कारण आवाज ‘भारदस्त’ लागायचा! बटण बनवणाऱ्याचा हेतू एक आणि वापरणाऱ्याची मर्जी दुसरी, हा प्रकार या इतिहासात वारंवार भेटतो.

आता मुख्य वाद. १९४५ साली सीबीएस या नभोवाणी कंपनीतल्या हॉवर्ड चिन आणि फिलिप आयझेनबर्ग यांनी श्रोत्यांना तोच कार्यक्रम वेगवेगळ्या विस्तारांत ऐकवला: अरुंद, मध्यम आणि रुंद. अरुंद म्हणजे खालचे खर्ज आणि वरचे टोकदार स्वर दोन्ही छाटलेले. अपेक्षा अशी, की लोक रुंद विस्तार निवडतील. अधिक आवाज, अधिक सत्य. घडले उलटे. बहुसंख्यांनी अरुंद किंवा मध्यम विस्तारच पसंत केला, आणि संगीताचे जाणकारही त्याला अपवाद ठरले नाहीत.

हे निष्कर्ष अभियंत्यांच्या वर्मी लागले. एफएम नभोवाणी, हाय-फाय यंत्रे, यांचा सारा डोलारा ‘लोकांना संपूर्ण आवाज हवा आहे’ या गृहीतकावर उभा होता. लोकांना तो नकोच असेल तर?

आरसीएच्या हॅरी ओल्सनने १९४७ साली दिलेले उत्तर या विषयातल्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक मानावे लागेल. त्याने यंत्रच बाजूला सारले. पडद्याआड खरा वाद्यवृंद बसवला, आणि वाद्ये व श्रोते यांच्यामध्ये एक ध्वनिगाळणी उभी केली. तिच्या पट्ट्या फिरवल्या की ५००० हर्ट्झच्या वरचे स्वर अडत. पुन्हा फिरवल्या की सगळे मोकळे. विजेची तार नाही, स्पीकर नाही, खरखर नाही. श्रोत्यांना पडद्यामागचे काही दिसत नव्हते. इथे बहुसंख्यांनी संपूर्ण विस्ताराच्या बाजूने कौल दिला. ओल्सनचा रोख स्पष्ट होता: सीबीएसच्या श्रोत्यांनी जे नाकारले ते उच्च स्वर नव्हेत, त्या स्वरांबरोबर यंत्राने जी विकृती आणि खरखर आणली, ती त्यांनी नाकारली.

पाठ्यपुस्तकी इतिहास इथे थांबतो: चिन-आयझेनबर्ग चुकले, ओल्सन बरोबर. हे फारच सोपे झाले. १९५६ साली रॉजर कर्क याने तिसरी बाजू मांडली आणि ती कमी उद्धृत होते, हे दुर्दैव. कर्कने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या गटांना काही आठवडे संगीत ऐकवले. एका गटाला छाटलेल्या विस्ताराचे, दुसऱ्याला संपूर्ण. मग त्यांची आवड पुन्हा तपासली. ज्यांना जे ऐकायची सवय लागली होती, त्यांची आवड त्या दिशेने सरकली होती. म्हणजे आवड हा कानाचा जन्मजात गुण नसून बऱ्याच अंशी अभ्यासाचा परिणाम आहे. घरच्या छोट्या रेडिओवर वाढलेल्या माणसाला छोट्या रेडिओसारखाच आवाज ‘बरोबर’ वाटतो. ऑलिव्ह आणि वेल्टी यांचा २०१५ चा निबंध वाचताना कर्कची ही नोंद शेजारी ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

त्याच सुमारास आवडीची किल्ली श्रोत्याच्या हातात गेली. १९५२ मध्ये पीटर बॅक्झंडॉल या ब्रिटिश अभियंत्याने ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात एक साधे परिपथ प्रसिद्ध केले. खर्ज आणि तारस्वर स्वतंत्रपणे वाढवा वा घटवा; दोन खुंट्या, बस्स. जगभरच्या अँप्लिफायरांवर दिसणाऱ्या ‘बास’ आणि ‘ट्रेबल’ या जोडगोळीचे कूळ पुष्कळदा याच परिपथापाशी पोहोचते. तोवर ध्वनिमुद्रक आणि कारखानदार ठरवत होते; आता बैठकीच्या खोलीतला माणूस ठरवू लागला.

१९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉसने एसपी/३ हा स्टिरिओ हेडफोन बाजारात आणला आणि संगीतासाठी हेडफोन ही कल्पना रुजली. पण हेडफोनमध्ये एक गूढ आधीपासूनच दडून बसले होते. लिओ बेरानेकने १९४९ साली ध्वनिमापनावरच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली होती: खालच्या स्वरांमध्ये, कानाशी मोजलेला दाब तितकाच असूनही, हेडफोनमधला आवाज स्पीकरपेक्षा लहान भासतो. तो समान भासायला हेडफोन सुमारे ६ डेसिबल चढवावा लागत असे. १९५२ मध्ये मन्सन (तोच, १९३३ वाला) आणि फ्रान्सिस वीनर यांनी या ‘हरवलेल्या ६ डेसिबल’चा शोध घेतला, पण तो पुरता लागला नाही. पुढे १९८२ साली वेन रडमोजने एकेक कारण हुडकून काढले: कानाशी बंदिस्त झालेल्या पोकळीत स्वतःच्याच शरीराचा आवाज खर्ज झाकतो, स्पीकरची कंपने शरीराला जाणवतात, आणि मापनाची रीतही दगा देते. सर्व बाबी काटेकोर सांभाळल्या की ६ डेसिबल सापडतात, असे त्याचे म्हणणे. ३३ वर्षे चाललेल्या या तपासातून एक गोष्ट पक्की झाली: कानापाशी ठेवलेले यंत्र आणि खोलीत वाजणारे यंत्र यांची तुलना करताना खर्जाच्या प्रदेशात पाय हमखास घसरतो. स्पीकरचा खर्ज छातीवर, खुर्चीवर, जमिनीवर आदळतो. हेडफोन बिचारा फक्त कानाशी बोलतो.

त्यात आणखी एक व्यावहारिक अडचण. हेडफोनची गादी कानाभोवती घट्ट बसली नाही, चष्म्याची काडी किंवा केसांची बट मध्ये आली, तर फटीतून सर्वांत आधी निसटतो तो खर्जच. एकच हेडफोन दोन डोक्यांवर दोन प्रकारे वाजतो. मग ‘मला यात बेस कमी वाटतो’ या वाक्यात आवड किती आणि चष्मा किती, हे कसे वेगळे काढणार?

१ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन जपानात विक्रीस आला. त्याच्याबरोबरचे हेडफोन हलके, स्पंजाचे, उघडे. फटीच फटी. खर्ज बेताचाच. त्याच काळात संगीत मात्र उलट दिशेला धावत होते. किंग्स्टनच्या वस्त्यांमध्ये १९५० च्या दशकापासून भल्यामोठ्या ‘साउंड सिस्टिम’ उभ्या राहत होत्या, आणि किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी ‘डब’ या प्रकारात गायकाचा आवाज वजा करून खर्जालाच नायक केले. १९७० च्या दशकात डिस्कोसाठी बारा इंची सिंगल तबकड्या निघाल्या. त्यांत खोबणींना ऐसपैस जागा असल्याने खर्ज मोकळेपणाने कोरता येई. (लाँगप्ले तबकडीवर खर्ज जास्त कोरला की खोबण नागमोडी होऊन जागा खाते, त्यामुळे वेळ हवा की खर्ज, अशी घासाघीस कायम चाले.) १९८० साली रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे तालयंत्र आले. कंपनीने १९८३ मध्ये त्याचे उत्पादन बंद केले, पण त्याचा लांबवर घुमणारा ढोल हिप-हॉपने उचलला तो आजतागायत सोडलेला नाही. १९८२ मध्ये आलेल्या सीडीला खोबणीच नव्हती, त्यामुळे घासाघीसही संपली. संगीतात खर्ज वाढला, वाहून नेणारे माध्यम मोकळे झाले, आणि कानाशी असलेले यंत्र तेवढे अशक्त राहिले. सोनीने ‘मेगा बेस’चे बटण दिले ते या तुटीपोटी. २००८ मध्ये ‘बीट्स बाय डॉ. ड्रे’ने हीच तूट हेरली, आणि २०१४ साली ॲपलने ती कंपनी ३ अब्ज डॉलरना विकत घेतली. खर्जवेडाला नाके मुरडणाऱ्या समीक्षकांना या आकड्याचा अर्थ लावणे अवघड गेले.

महाराष्ट्राने तर या वेडाला स्वतःचे नावच दिले. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींना इथे सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या नावाच्या कंपनीची ख्याती मात्र ध्वनिफितीतली खरखर घालवण्यासाठी आणि चित्रपटगृहातल्या ध्वनीसाठी! भारतीय बाजारात २०१६ नंतर बोट या कंपनीने स्वस्त इअरफोनांच्या एका मालिकेचे नावच ‘बेसहेड्स’ ठेवले. खर्ज हा दोष समजला जाण्याचे दिवस सरले होते. तो आता वेष्टनावर छापण्याचा गुण होता.

इकडे प्रयोगशाळांत मात्र वेगळेच वारे वाहत होते. १९८६ साली म्युनिकच्या नभोवाणी तंत्रसंस्थेतल्या गुंथर थायलेने असा सिद्धान्त मांडला, की स्टुडिओतल्या हेडफोनने ‘डिफ्यूज फील्ड’ची नक्कल करावी, म्हणजे सर्व दिशांनी सारखा येणारा ध्वनी कानाच्या पाळीतून आत शिरताना जसा बदलतो, तसा आवाज द्यावा. विचार सुसंगत होता आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीत त्याला जागाही मिळाली. पण या आलेखात खर्जाचा भाग सपाट. खऱ्या खोलीत भिंती खर्जाला उचलून धरतात, आणि बहुतेक ध्वनिमुद्रणे अशाच खोल्यांत, स्पीकरवर ऐकत घडवलेली असतात. साहजिकच सिद्धान्ताबरहुकूम हेडफोन पुष्कळांना पातळ वाटे. यात एक जुनी खोच आहे: सिद्धान्ताने श्रोत्याला विचारलेच नव्हते.

विचारण्याची पद्धत कॅनडातून आली. ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल याने स्पीकर पडद्याआड ठेवून, नाव आणि किंमत झाकून, श्रोत्यांची मते नोंदवण्याची शिस्त घालून दिली. १९९१ मध्ये तो हार्मन कंपनीत गेला, पाठोपाठ ऑलिव्हही. २०१२ पासून हार्मनमध्ये हेडफोनवर हीच रीत लावण्यात आली. चांगल्या खोलीतला चांगला स्पीकर कानाच्या पडद्याशी जसा ऐकू येतो, तो आरंभबिंदू धरला आणि श्रोत्यांना खर्ज व तारस्वर जुळवायला सांगितले. २०१३ च्या निबंधात असे दिसले, की स्पीकरवर लोकांना हेडफोनपेक्षा खर्ज आणि तारस्वर दोन्ही सरासरी २ डेसिबल अधिक हवे असतात, आणि व्यक्तिगणिक तफावत मोठी असते. २०१४ मध्ये कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन अशा चार देशांत चाचण्या झाल्या. देशांमध्ये फारसा भेद आढळला नाही. (भारत या यादीत नव्हता, आणि ही उणीव लहान नाही.) यातून ‘हार्मन टार्गेट’ नावाचा आलेख घडला, ज्याच्याशी आज जगभरचे परीक्षक नवा हेडफोन ताडून पाहतात.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन प्रश्न विचारायला हवेत. पहिला पुराव्याच्या मालकीचा. हार्मन ही जेबीएल आणि एकेजी या नाममुद्रांची मालक. २०१७ पासून ती सॅमसंगच्या ताब्यात आहे. संशोधन प्रसिद्ध झाले आहे, पद्धत उघड आहे, आणि ते खोटे ठरवणारे काही समोर आलेले नाही. तरीही ‘लोकांना काय आवडते’ या प्रश्नाचे सर्वांत प्रभावी उत्तर विक्रेत्याच्या घरात तयार झाले आहे, ही बाब नजरेआड करू नये. सीबीएस आणि आरसीए यांनाही १९४० च्या दशकात आपापले यंत्र विकायचेच होते.

दुसरा प्रश्न अधिक खोल. २०१५ च्या निबंधात तरुणांना खर्ज जास्त हवा होता. पण २०१५ मधला तरुण हा ८०८ च्या ढोलावर वाढलेला. त्याच वर्षीचा वयस्क हा लाँगप्ले आणि छोट्या रेडिओवर. एका वेळी केलेली चाचणी वय आणि पिढी यांना वेगळे करू शकत नाही. कर्कचा दाखला खरा मानला, तर आजचे तरुण साठीला पोहोचल्यावरही खर्ज वाढवूनच ऐकतील. कानाची झीज कारणीभूत असेल, तर तेही हळूहळू नियंत्रण खाली आणतील. याचा निवाडा करायला तीच माणसे तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा बसवावी लागतील.

गुंता वाढवणारी आणखी एक गोष्ट त्याच निबंधात होती: गाणे बदलले की पसंतीचा खर्जही बदलत होता. टूलने याला ‘गोंधळाचे वर्तुळ’ म्हटले आहे. ध्वनिमुद्रकाने ज्या स्पीकरवर ऐकून गाणे घडवले, त्या स्पीकरमध्ये खर्ज कमी असेल तर तो गाण्यात जास्त भरणार. श्रोता मग तो उतरवणार. म्हणजे ज्याला आपण आवड म्हणतो, तिचा एक हिस्सा कुठल्या तरी अनोळखी स्टुडिओतल्या स्पीकरची दुरुस्ती असतो.

२०१८ मध्ये ऑलिव्ह, वेल्टी आणि ओमिद खोनसारीपूर यांनी सरासरीच फोडून पाहिली. श्रोते तीन गटांत विभागले गेले. ६४ टक्क्यांना टार्गेटच्या जवळपासचा आवाज रुचला. १५ टक्क्यांना ३०० हर्ट्झखाली आणखी ३ ते ६ डेसिबल हवे होते, आणि या गटात पुरुषांचे प्रमाण अधिक होते. २१ टक्क्यांना २ ते ३ डेसिबल कमी हवे होते. त्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले श्रोते जास्त. वेष्टनावर ‘एक्स्ट्रा बेस’ छापलेले हेडफोन दुकानात ढीगभर मिळतात. या २१ टक्क्यांसाठी ‘कमी बेस’ अशी अक्षरे छापलेले खोके सहसा कुठल्याच फळीवर दिसत नाही.